किशोरवयीन गरोदरपण आणि गुप्तरोग टाळायचा तपासलेला कार्यक्रम वस्तीत किंवा शाळेत कसा चालवायचा

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यात मी नववी-दहावीच्या वर्गात जाऊन आधी बेंच मोजते. कळवा असो की दिघा, एक-दोन जागा रिकाम्या असतातच. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी मे महिन्यात मामाकडच्या लग्नाला म्हणून गावी गेली ती परत शाळेत आलीच नाही, मला ती दिसली ती थेट दिवाळीनंतर, वस्तीतल्या नळावर, हंडा कमरेवर घ्यायला जमत नव्हतं म्हणून बाजूला उभी होती. पाचवा महिना चालू होता आणि वय सोळा. मला बघून हसली आणि म्हणाली, "ताई, तुमचं लेक्चर ऐकलं होतं मी." खरंच ऐकलं होतं, जानेवारीत आम्ही त्या शाळेत डॉक्टर बोलावून दीड तासाचं भाषण ठेवलेलं, प्रोजेक्टर होता, शेवटी टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि ही पहिल्या रांगेत बसलेली होती.

त्या दिवसापासून मी एकरकमी भाषणं बंद केली. पुढे जे लिहितेय ते त्यानंतर शिकलेलं आहे, आणि ज्यांना ठाणे-नवी मुंबईत आपल्या शाळेत, मंडळात, बचत गटातून किंवा संस्थेतून हे काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी आहे. लेख मोठा आहे, पण हे काम घाईचं नाहीचे.

तपासलेला म्हणजे नक्की काय

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम चांगला वाटला की तो चांगलाच असणार असं धरून चालतात. तपासलेला कार्यक्रम म्हणजे काही शाळांना किंवा वस्त्यांना तो दिला, तशाच दुसऱ्यांना नाही दिला, मग काही महिने ते काही वर्षं दोघांकडे लक्ष ठेवलं आणि मुलांच्या वागण्यात खरोखर फरक पडला का ते मोजलं. मुलांना आवडलं का, माहिती वाढली का एवढ्यावर हे ठरत नाही, वागणं बदललं का ते बघतात.

याची गरज का, तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये ५७ शाळांमध्ये एक प्रयोग झाला. मुलींना रात्रंदिवस रडणारी बाहुली घरी द्यायची, म्हणजे बाळ सांभाळणं किती कठीण ते कळेल आणि त्या लवकर आई व्हायचं टाळतील, ऐकायला किती पटणारं आहे बघा. २०१६ मध्ये निकाल छापून आला तेव्हा कळलं की बाहुली दिलेल्या शाळांमधल्या मुलींमध्ये गरोदरपण उलट जास्त निघालं. अमेरिकेत नुसतं "लग्नापर्यंत थांबा" शिकवणारे वर्ग सरकारी पैशातून वर्षानुवर्षं चालले, २००७ मध्ये त्यांच्या संसदेनेच करून घेतलेल्या अभ्यासात दिसलं की त्या मुलांच्या आणि बाकीच्यांच्या वागण्यात फरक नाही. म्हणून आधी तपासा आणि मग शिकवा, आपला वेळ जातो ते वेगळं पण मुलींचं नुकसान होतं ते भरून येत नाही.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने या सगळ्या कामाची दहा पायऱ्यांची एक पद्धत बसवली होती: गरज ओळखणं, उद्दिष्ट ठरवणं, कार्यक्रम निवडणं, तो आपल्याला बसतो का बघणं, आपली ताकद बघणं, आखणी, चालताना मोजणं, शेवटी मोजणं, सुधारणं आणि टिकवणं. मी तीच चौकट धरलीय पण आपल्याकडे काही पायऱ्या दोन दिवसात होतात आणि काहींना सहा महिने लागतात, त्यामुळे मी जिथे अडतं तिथेच जास्त लिहिते.

आधी आपल्या वस्तीचं बघा

राज्याचा आकडा डोळ्यासमोर ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या, महाराष्ट्रात ७.६ टक्के निघाल्या. आणि २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की लक्षात येतं की आपल्याकडे किशोरवयीन गरोदरपण म्हणजे फक्त प्रेमप्रकरण नाही, त्यातलं बरंचसं लग्नातून येतं. अमेरिकेतला कार्यक्रम जसाच्या तसा उचलला तर हा भागच सुटतो, कारण त्यांच्या पुस्तकात मुलीला घरच्यांनी मे महिन्यात गावी नेऊन लग्न लावलं असा धडा नसतो.

मग आपल्या भागात नेमकं काय चाललंय ते विचारत फिरा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्सताईंना विचारा की गरोदर बायकांच्या नोंदीत एकोणीसच्या आतल्या किती येतात, नावं मागू नका, फक्त आकडा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना तर गल्लीनिहाय माहीत असतं. शाळेकडून मधेच शाळा सोडलेल्या मुलींची संख्या घ्या. एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या समुपदेशकाशी बसून बोला, आणि वस्तीतल्या मेडिकलवाल्याशीही बोला, पोरं त्याच्याकडे काय मागतात ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सगळ्यात शेवटी मुलांशी बोला, मुलींचा गट वेगळा आणि मुलांचा वेगळा. तुर्भ्याच्या बाजूला ज्या वस्तीत आम्ही होतो तिथे मुलगे शाळा सोडून मार्केटात हमालीला किंवा गाडीवर क्लीनर म्हणून जायचे, त्यांचे प्रश्न घोडबंदरच्या टॉवरमधल्या कॉलेजच्या मुलांपेक्षा वेगळे होते. टॉवरमध्ये प्रश्नच नाहीत असं मात्र समजू नका, तिथे प्रश्न खासगी दवाखान्यात गुपचूप सुटतात एवढंच.

काय बदलायचं ते एका कागदावर लिहा

"जागृती करणे" हे उद्दिष्ट नाही. डग्लस कर्बी नावाच्या संशोधकाने ज्या कार्यक्रमांचा खरंच परिणाम दिसला त्यांच्यामध्ये काय समान आहे ते शोधून १७ गोष्टी काढल्या होत्या, त्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली म्हणजे हे कार्यक्रम मोजक्या वागणुकींना धरून चालतात आणि त्या वागणुकीवर ज्या गोष्टींचा परिणाम होतो त्याच बदलायला बघतात.

उदाहरण देते. वागणूक: मुलगी अठराच्या आत लग्नाला उभी राहणार नाही. तिच्या हातात काय आहे? कायदा माहीत असणं, घरात आपल्या बाजूने बोलणारं एक माणूस शोधून ठेवणं, "नको" म्हणता येणं, फोन कुठे करायचा ते पाठ असणं. तिच्या हातात काय नाही? बापाचं कर्ज, हुंडा वाढायची भीती, "पोरगी पळून गेली तर" ही धास्ती. म्हणजे मुलींचे वर्ग घेऊन अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं पालकांच्या बैठकीत आहे. हे कागदावर काढलं की लगेच दिसतं, नाहीतर वर्षभर मुलींनाच शहाणपण शिकवत बसतो आणि लग्न ठरवणारे बाहेर कट्ट्यावर असतात.

दुसरी वागणूक: जे संबंध ठेवतात ते दर वेळी कंडोम वापरतील. तिसरी: अंगावर काही दिसलं, जळजळ झाली, पाळी चुकली तर आठवड्याच्या आत दवाखान्यात जातील, मेडिकलवर नाही. एवढ्या तीन पुरे.

कार्यक्रम निवडताना

बाहेरचे तपासलेले बरेच आहेत. अमेरिकेतला 'रिड्यूसिंग द रिस्क' १६ तासिकांचा आहे, 'बी प्राऊड बी रिस्पॉन्सिबल' साधारण पाच तासांत सहा भागांत होतो. ते बघून ठेवा, खासकरून त्यातला सराव कसा घेतात ते. पण निवडायच्या आधी आपल्या जवळचे बघा.

मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर 'जेम्स' नावाचा कार्यक्रम झाला, त्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि वस्त्यांमध्ये काम करणारी कोरो ही संस्था होती. काही शाळांत गटात बसून सत्रं अधिक मोहीम, काहींत नुसती मोहीम. गटसत्रं झालेल्या शाळांमध्ये मुलगा-मुलगी समानतेबद्दलचे विचार जास्त बदलले, म्हणून मी सांगते की पोस्टर आणि प्रभातफेरीवर पैसे संपवू नका. मुंबईच्याच वस्त्यांमध्ये तरुण मुलग्यांबरोबर 'यारी दोस्ती' झाला, ब्राझीलमधल्या कार्यक्रमावरून बेतलेला, त्यात मुलग्यांमध्ये कंडोमचा वापर वाढला आणि जोडीदाराला मारहाण कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. आपल्या वस्त्यांशी जुळणारं यापेक्षा जवळचं सापडणार नाही. आणि लग्नाच्या वयासाठी पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेचा जीवन कौशल्य वर्ग बघाच, महाराष्ट्राच्या खेड्यातला आहे, शाळेबाहेरच्या मुलींसाठी वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस रोज तासभर. तिथे मुलींचं लग्नाचं वय पुढे सरकलं. रोज तासभर, वर्षभर! आमच्या दीड तासाच्या भाषणाची आठवण झाली की अजून वाईट वाटतं.

निवडताना तीन प्रश्न विचारा. ज्या मुलांवर तपासला ती आपल्या मुलांसारखी आहेत का? आपल्याला जे बदलायचंय तेच बदललं का? आणि आपल्याकडे तेवढे तास आहेत का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर कार्यक्रम कापू नका, छोटा कार्यक्रम निवडा.

बदल करायचे कुठे आणि थांबायचं कुठे

याला सिग्नलची भाषा वापरतात आणि ती टीमला पटकन समजते. हिरवं म्हणजे बिनधास्त बदला: नावं, जागा, भाषा. गोष्टीतली जेनी प्रॉमला, म्हणजे त्यांच्या शाळेतल्या नाचाच्या पार्टीला, जायच्या ऐवजी कोमल गरब्याला किंवा दहीहंडीला जाते, गाडीच्या मागच्या सीटऐवजी तलावपाळी, सागर विहार किंवा मित्राची रिकामी खोली. पिवळं म्हणजे जाणकाराला विचारून बदला: सत्रांचा क्रम, मुलगे-मुली एकत्र की वेगळे, एखादा खेळ बदलून दुसरा. लाल म्हणजे हात लावू नका: सत्रांची संख्या निम्मी करणं, रोल-प्ले, म्हणजे भूमिका करून घेतलेला सराव, काढून त्याऐवजी व्याख्यान, गर्भनिरोधाचा भाग गाळणं.

आपल्याकडे नेमके हेच लाल सिग्नल पहिले तोडतात. मुख्याध्यापक म्हणतात, "सगळं घ्या मॅडम, फक्त ते कंडोमचं नको." माझा मार्ग असा: शाळेत मुलांना कंडोम हातात देऊन दाखवणं मी आग्रहाने मागत नाही, पण तो काय आहे, कशापासून वाचवतो, गर्भ आणि गुप्तरोग दोन्ही टाळणारं तेच एक साधन आहे, एवढं तोंडी आणि चित्रातून सांगण्यावर मी अडून बसते. तेही नको म्हणाले तर त्या शाळेत पाळी, शरीर, संमती आणि लग्नाचं वय एवढंच घेते आणि त्याला गुप्तरोग प्रतिबंध असं नाव देत नाही. प्रत्यक्ष दाखवायचं काम वस्तीत अठरा पुढच्या गटात होतं, तिथे तारीख बघणं, पाकीट दाताने न फाडणं, टोकाला हवा न ठेवणं, खोबरेल तेल न लावणं कारण त्याने रबर कमजोर होतं, वापरून झाल्यावर कडेला धरून काढणं, हे प्रत्येकाने स्वतः मॉडेलवर करून दाखवायचं. बघितलं आणि केलं यात फार फरक पडतो.

परवानगी, पालक आणि कायदा

इथे सहा महिने लागू शकतात, तयारी ठेवा. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, त्यामुळे तो शब्द निघाला की अजूनही ऑफिसात खुर्च्या सरकतात. पण आता दार वेगळ्या नावाने उघडं आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयासाठी, आणि २०२० पासून आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्याचा कार्यक्रम आहे ज्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत नेमायचेत आणि विषयांमध्ये प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध लिहिलेलाच आहे. तुमचा अर्ज त्याला धरून करा, "सरकारी कार्यक्रमातला हा विषय आम्ही शाळेला मदत म्हणून घेतो" असं. माझी एक फाइल एका ऑफिसात चार महिने पडून होती, अर्जातला एक शब्द बदलून परत दिला आणि तीन आठवड्यांत सही आली.

पालकसभा संध्याकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी ठेवा, कारण बाकी वेळी बाप लोकलमध्ये असतो आणि आई कामावर. त्यांना सगळ्या सत्रांची यादी वाचून दाखवा, काही लपवू नका. बहुतेक वेळा एखादी आई मागून म्हणते, "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तुम्ही सांगा पोरींना," आणि सभा फिरते. विरोध करणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या मुलीला सत्रात बसवायचं की नाही तो ठरवेल, त्याला पुढच्या सभेलाही बोलवा. आणि हा विषय मराठीला नवा नाही हेही सांगा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत यावर मासिक चालवलं, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

आता कायदा, आणि हे नीट वाचा कारण यात चूक झाली तर मुलगी अडकते आणि तुम्हीही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक. सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून प्रियकराबरोबर गेली तरी कायद्याच्या नजरेत संमती धरत नाहीत. असा गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून पहिल्या सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत मुलांना सांगायचं: "इथे कोणी स्वतःची गोष्ट सांगायची नाही, 'एक मुलगी होती' असं सांगायचं. मला एकटीला भेटून काही सांगितलं तर मी बाहेर बोलणार नाही, पण तुला कोणी त्रास देतंय किंवा अठराच्या आत असं काही झालंय असं कळलं तर मला पुढे कळवावं लागतं, आणि तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन." हे आधी न सांगता मुलीला बोलतं करणं म्हणजे तिला फसवणं आहे, मी ते होताना बघितलंय आणि ती मुलगी परत कोणाकडे काही बोलली नाही.

गर्भपाताचं: कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, आणि अल्पवयीन मुली या चोवीसवाल्या गटात येतात. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही. हे आईला माहीत असेल तर ती मेडिकलमधून गोळ्या आणून घरी रक्तस्राव करून घेण्याऐवजी मुलीला हॉस्पिटलात आणते.

दवाखान्याचा रस्ता आधी स्वतः चालून बघा

सत्रात "दवाखान्यात जा" म्हणणं सोपं असतं. तुम्ही आधी स्वतः जा, रांगेत उभे राहा, केसपेपर काढा. खिडकीवरचा माणूस मोठ्याने "काय होतंय?" विचारतो का? लैंगिक आजारांच्या तपासणीची खोली कुठल्या मजल्यावर? पाटीवर काय लिहिलंय, कारण "गुप्तरोग विभाग" अशी पाटी असेल तर पोरगा दारातून परत फिरतो. सरकारी हॉस्पिटलांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, लक्षणांवरून रंगीत पाकिटातलं औषध मोफत मिळतं आणि जोडीदारालाही औषध घ्यायला सांगतात. किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात 'मैत्री' नावाने क्लिनिक आहेत. तुमच्या भागात कुठलं, कोणत्या वारी आणि किती वाजता ते तिथे जाऊन लिहून आणा. ठाण्याला जिल्हा रुग्णालय आणि कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल, नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीची महापालिकेची हॉस्पिटलं, इथून सुरुवात करा.

तिथल्या समुपदेशकाला सत्रात बोलवा, एकदाच, अर्धा तास. मुलांनी चेहरा बघितलेला असला की जायचं धाडस होतं. एचआयव्हीची तपासणी मोफत असते आणि संमतीशिवाय करत नाहीत, अठराच्या आत पालकांची संमती लागते हेही खरं सांगा. बलात्कार झाला असेल तर ७२ तासांच्या आत हॉस्पिटलात गेलं पाहिजे कारण एचआयव्ही टाळायची औषधं आणि गर्भ टाळायची गोळी दोन्ही वेळेत द्यावी लागतात. प्रत्येक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हे नंबर लिहून घ्या: मुलांसाठी १०९८, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७, मन खचलं तर टेली मानस १४४१६. छापील कार्ड देऊ नका, ते घरी सापडतं आणि मार पडतो.

शिकवायचं कोणी

वाटतं की शाळेतले शिक्षकच घेतील तर फुकटात होईल. बिहारमध्ये 'सेहेर' नावाचा मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत बाहेरून नेमलेला साधा प्रशिक्षित समुपदेशक, काहींत तेच काम शिक्षकाकडे. समुपदेशकाच्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, प्रजनन आरोग्याची माहिती वाढली. शिक्षकांच्या शाळांमध्ये फरक दिसला नाही. शिक्षकांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही, परीक्षा, निवडणूक ड्यूटी, जनगणना यातून त्यांना वेळ कुठे, शिवाय मार्क देणाऱ्या बाईंना मुलगी हे प्रश्न विचारत नाही. आम्ही वस्तीतल्याच बारावी-पदवी झालेल्या मुलीमुलांना घेतो, मानधन देतो, आधी दोन आठवडे प्रशिक्षण. त्यात एक दिवस नुसतं शब्द बोलायचा सराव असतो, लिंग, योनी, वीर्य, हस्तमैथुन, आरशासमोर उभं राहून, हसू पूर्ण संपेपर्यंत.

सत्र कसं चालतं

एक सत्र जवळून सांगते. नववीच्या मुली, पंचवीस जणी, सतरंजीवर गोल, बाई वर्गाबाहेर. मधे बुटांच्या खोक्याला भोक पाडून केलेली प्रश्नपेटी. सगळ्यांना सारख्याच कागदाचे तुकडे आणि सारखंच पेन, आणि सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर आवडती भाजी लिहा, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. मग एकेक चिठ्ठी काढून वाचायची. "पहिल्यांदा केलं तर दिवस जात नाहीत ना?" जातात. "पाळी चालू असताना?" शक्यता कमी, पण जाऊ शकतात. "सफेद पाणी जातं म्हणजे गुप्तरोग झाला का?" पातळ, वास नसलेलं, खाज नसलेलं पाणी जाणं या वयात नॉर्मल आहे, घाण वास, खाज, पिवळं-हिरवं असेल तर दवाखाना. "मेडिकलमधली ७२ तासवाली गोळी दर वेळी चालते का?" ती अडचणीच्या वेळेसाठी आहे, जितकी लवकर तितकी बरी, पुढच्या वेळेला ती वाचवत नाही, गुप्तरोगापासून तर अजिबात नाही, आणि आधीच गर्भ राहिला असेल तर ती पाडत नाही. गुप्तरोगाबद्दल एक गोष्ट मी दर सत्रात परत सांगते की बऱ्याच वेळा बाहेरून काही दिसतच नाही, आणि उपचार न करता राहिला तर बाईला पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते.

भेंडी, बटाटा, गवार यांच्या चिठ्ठ्याही वाचते. त्याने वातावरण मोकळं होतं.

मग सराव. दोघी उभ्या राहतात, एक मुलगा होते. तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" पहिल्यांदा सगळ्या मान खाली घालून "तसं नाही रे" म्हणतात, आणि तिथेच हरतात. मग आम्ही तोडून शिकवतो: डोळ्यात बघ, "नको" हा शब्द उच्चार, कारण देऊ नको कारण तो कारणाशी भांडेल, तेच परत म्हण, दुसरं काही सुचव, आणि उठून नीघ. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज बदलतो. गेल्या वर्षी एक अगदी गप्प बसणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "विश्वास आहे, पण नको. चल, वडापाव खाऊ," आणि पिशवी उचलून दारापर्यंत चालत गेली. सगळ्या वर्गाने ते बघितलं. हाच सराव मग लग्नाच्या बाबतीत घेतो, समोर आई होते, मामा होतो, "नुसतं बघायला येतायत" म्हणतात. घरात आपल्या बाजूने कोण बोलेल त्याचं नाव प्रत्येकीने मनात ठरवायचं, आत्या, आजी, मोठा भाऊ, कोणीही. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी आणि गावात ग्रामसेवक बालविवाह थांबवू शकतात हे सांगायचं, कारण लग्न बहुतेक गावीच लागतं.

मुलग्यांची सत्रं सोडू नका. त्यांना कमजोरी, धात, लिंगाचा आकार यांचीच भीती असते, रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींनी ती वाढवलेली असते. ती आधी घालवा, हस्तमैथुनाने कमजोरी येत नाही हे साफ सांगा, मगच ते संमतीबद्दल ऐकतात.

मोजायचं किती आणि कसं

साठ मुलींच्या गटात गरोदरपण कमी झालं हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही, देणगीदाराने मागितलं तरी तसं लिहून देऊ नका. संख्या फार लहान असते, एकीने आकडा फिरतो. तुम्ही मोजा: आधी आणि नंतर तीच पंधरा प्रश्नांची चिठ्ठी, नावाऐवजी आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस. प्रत्येक सत्रानंतर घेणाऱ्याने तिथेच बसून लिहायचं की पुस्तकातलं काय झालं, काय सुटलं, का सुटलं. हजेरी. आणि दवाखान्यात किती जण पोचले, फक्त संख्या, ती समुपदेशकाकडून घ्यायची. एका वर्षी आमचं पाचवं सत्र सहापैकी चार गटांत अर्धवट झालेलं दिसलं, शोधलं तर तो तास पीटीचा होता आणि सर मुलांना मधेच ग्राउंडवर नेत होते. तास बदलला, प्रश्न मिटला. नोंदी नसत्या तर आम्ही सत्रालाच दोष दिला असता.

वर्षाचं कॅलेंडर

जूनमध्ये परवानग्या आणि पालकसभा. जुलैत पाऊस, पाणी तुंबतं, उपस्थिती पडते, तेव्हा प्रशिक्षण उरका. गणपती झाले की सत्रं सुरू, दिवाळीपर्यंत अर्धी, बाकीची जानेवारीपर्यंत, कारण फेब्रुवारीनंतर दहावीला कोणी हात लावू देत नाही. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा वयाच्या मुलींना द्यायची असते, सहावी-सातवीच्या पालकसभेत तिचा विषय याच दरम्यान काढा, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवते हे सांगितलं की आया स्वतः चौकशी करतात.

आणि एप्रिलचा दुसरा आठवडा मोकळा ठेवा. परीक्षा संपायच्या आत आम्ही प्रत्येक गटाबरोबर एकदा बसतो आणि विचारतो, सुट्टीत गावी कोण चाललंय, कुठल्या जिल्ह्यात, कोणाबरोबर, परत कधी. पुण्याला, जालन्याला, उत्तर प्रदेशात, कुठेही. वहीत लिहितो, ज्या मुलीला शंका आहे तिच्याशी वेगळं बोलतो, तिने ठरवलेल्या आत्याचा नाहीतर भावाचा नंबर तिच्या परवानगीने घेतो आणि १०९८ परत एकदा तोंडपाठ म्हणून घेतो. पंधरा जूनला तीच वही घेऊन वर्गात जायचं आणि बेंच मोजायचे. जी आली नसेल तिच्या घरी त्याच संध्याकाळी जायचं, दिवाळीपर्यंत थांबायचं नाही.